फ्लॉप्यांना गंध कोणी लावलं

सर,

मी माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते. नाहीतर तुम्ही पहिल्या ओळीपासूनच समाधानाने मान डोलवायला लागाल. काकू गेल्या महिन्यात गेल्या. तुमच्यामागे इतकी वर्षं त्यांनी धीराने काढली आणि शेवटी झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही. तेराव्याला क्लासच्या जुन्या तीन-चार जणी आलेल्या. एकीने मला बराच वेळ निरखलं आणि हसून म्हणाली, "अगं, तूच ना ती? फ्लॉपीला कुंकू लावणारी?" सगळ्या हसल्या. माझे केस पांढरे झालेत, कल्याणात माझा स्वतःचा दुरुस्तीचा गाळा आहे, बंद पडलेले लॅपटॉप घेऊन लोक उल्हासनगरपासून माझ्याकडे येतात, आणि माझी ओळख काय, तर कुंकू लावणारी. ही ओळख तुम्ही दिलीत सर. प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी माझ्याकडे बोट दाखवून तुम्ही तो किस्सा सांगायचात. मी गप्प बसायची. आता काकू नाहीत, तेव्हा गप्प बसायचं कारणही नाही.

धान्याच्या वखारीवरचा तुमचा क्लास मला अजून जसाच्या तसा दिसतो. सोळा टाइपरायटर, खालून येणारा तुरीच्या डाळीचा वास, आणि मागच्या दोन खोल्यांत तुमचं बिऱ्हाड. मी शहाडहून चालत यायची. पहिल्या आठवड्यात माझ्या पर्समध्ये टाइपिंगचं खोडरबर सापडलं तेव्हा तुम्ही ते सगळ्यांसमोर खिडकीतून खाली टाकलंत. "खोडायची सोय असली की हात बेफिकीर होतो. चुकलं तर पूर्ण पान पुन्हा." मी सतरा वर्षांची होते. त्या दिवशी एक अर्ज नऊ वेळा टाइप केला आणि नवव्यांदा तो बिनचूक आला, हे मी नाकारत नाही. हात तुम्हीच घडवलात. पण एक गोष्ट मी तेव्हाच पाहून ठेवलेली. रेशनकार्डाचे, पेन्शनचे अर्ज टाइप करून घ्यायला लोक तुमच्याकडे यायचे, आणि त्या प्रत्येक अर्जाखाली तुम्ही न चुकता कार्बन घालायचात. मूळ प्रत माणसाच्या हातात, दुसरी तुमच्या लोखंडी कपाटात. एकदा कोळशेतहून एक म्हातारे कोळी गृहस्थ रडवेले होऊन आले. भरतीचं पाणी घरात शिरून त्यांचे सगळे कागद गेलेले. तुम्ही कपाट उघडलंत आणि चार वर्षांपूर्वीची प्रत काढून त्यांच्या हातात ठेवलीत. मी ते बघत उभी होते.

मग लॅपटॉप आला. अक्षय्य तृतीयेला जावयांनी तो आणला. एवढा जड की काकूंनी तो पाटावर ठेवला. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, अख्खी बॅच भोवती गोळा झालेली. तोवर मी डोंबिवलीला जाऊन संगणक शिकून आले होते आणि जूनपासून संगणकाची पहिली बॅच मी घ्यायची असं तुम्ही कबूल केलं होतं. ही बॅच माझ्यासाठी काय होती हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. वडिलांनी मला दिवाळीपर्यंतची मुदत दिलेली. तोवर बॅच नीट चालली तर माझं मी बघायचं, नाहीतर भिवंडीच्या स्थळाला होकार कळवायचा. मशीन सुरू झालं आणि पडद्यावर पहिलाच प्रश्न आला, तो मी मोठ्याने वाचला. "सर, हे विचारतंय, सिस्टिमच्या कॉप्या फ्लॉपीवर काढून ठेवायच्या का. मशीन बंद पडलं तर त्याच्यावरून पुन्हा सगळं घालता येतं. आणि एकदाच काढता येतील म्हणतंय."

तुमचा चेहरा बदलला. "आज घरात आलंय आणि आजच बंद पडायची भाषा? काय गं, बारशाला आलीस की सुतकाला?"

"मी नाही बोलत सर, मशीनच बोलतंय."

"मशीनला अक्कल नसते. तुला आहे असं मी समजत होतो."

बॅच हसली. तुम्ही 'नंतर' लिहिलेल्या बटणावर बोट ठेवलंत आणि मला तेच दाबायला लावलंत. त्यानंतर रोज सकाळी मशीन तोच प्रश्न विचारायचं आणि रोज सकाळी तुम्ही 'नंतर' दाबायचात, देवाला फूल वाहावं तितक्या नेमाने.

जुलैत तुम्ही नाशिकला एका लग्नाला गेलात. मी दुपारची बॅच सोडली, दार लोटलं आणि मशीनसमोर बसले. आधीच्या दोन महिन्यांत मी एकेक करत कोऱ्या फ्लॉप्या जमवल्या होत्या. अठ्ठावीस लागल्या, सर. एक घालायची, ती आत कुरकुरायची, बाहेर काढायची, पुढची. प्रत्येकीवरची चिठ्ठी मी टाइपरायटरवर केली, क्रमांक अगदी मधोमध, तुम्ही शिकवल्याप्रमाणे. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा बारावी चालू होती. त्यांनी फ्लॉप्यांच्या ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ह्यांना विचारलंस?"

"नाही."

"मग मी पण काही पाहिलं नाही हो," असं म्हणत त्यांनी कप ठेवला, आणि संध्याकाळी अठ्ठावीसही फ्लॉप्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरून स्वतः पापडांच्या डब्यामागे लपवल्या. मी चोरून केलं, बरोबर. पुन्हा वेळ आली तर पुन्हा चोरूनच करीन. तुम्ही समोर करू दिलं असतं तर चोरी करावीच लागली नसती.

खंडेनवमीला सगळे टाइपरायटर पुसून झेंडूच्या माळा घालायचा आपला रिवाज. त्या वर्षी लॅपटॉपलाही माळ मिळाली. पूजा आटोपून तुम्ही बाहेर गेलात. त्यानंतर काकूंनी स्वयंपाकघरातून बिस्किटांचा डबा काढला आणि फ्लॉप्यांची पूजा केली. गंध ओलं होतं. फ्लॉपी पालथी केली की मधोमध धातूची गोल चकती दिसते, तिथेच त्यांनी बोट टेकवलं, वर हळद, कुंकू आणि अक्षता. पहिल्या पाच फ्लॉप्या झाल्यावर वाटीतलं गंध संपलं आणि उरलेल्यांना त्यांनी नुसता नमस्कार केला.

आणि मग दिवाळीची सफाई. ही तुमची चूक, सर, इथे मी तुम्हाला सोडणार नाही. दर वर्षी दिवाळीआधी तुम्ही कपाटं आवरायचात, त्या वर्षी तुम्ही लॅपटॉप आवरलात. ज्या फायलींच्या नावांचा अर्थ लागला नाही, त्या सगळ्या पुसल्यात. मला अभिमानाने सांगितलंत, "किती कचरा भरला होता आत! अर्ध्याहून जास्त काढून टाकला." मी काही बोलायच्या आत तुम्ही मशीन बंद केलंत. ते पुन्हा सुरू झालंच नाही. काळा पडदा आणि कोपऱ्यात एक ओळ, बस्स.

डोंबिवलीहून मशीनवाले आले, त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्या फ्लॉप्या काढल्यात का? दुसऱ्या मशीनच्या ह्याला चालायच्या नाहीत." तुम्ही खुर्चीत बसलात. बॅचच्या अकरा मुली भिंतीला टेकून उभ्या. मग तुम्ही म्हणालात, "जाऊ दे. मला हे झेपणार नाही. जावयांना परत पाठवतो. संगणकाची बॅच बंद." इतक्या सहज म्हणालात, जणू गॅलरीतली कुंडी हलवायची आहे. मला मात्र भिवंडीचं ते घर दिसलं, त्यातली मोरी दिसली, आणि त्या मोरीपाशी बसलेली मी. मी आत गेले, पापडांचा डबा बाजूला केला आणि बिस्किटांचा डबा आणून तुमच्या टेबलावर ठेवला.

तुम्ही झाकण उघडलंत. पहिली फ्लॉपी हातात घेऊन पालथी केलीत. गंध वाळून खपली धरली होती, अक्षतेचा एक दाणा चकतीच्या फटीत रुतलेला, आणि हळद आत उतरलेली. दारात काकूंचा चेहरा पांढराफटक. तुम्ही कोणाकडे बघायच्या आतच मी म्हणाले, "मी लावलं."

"चोरून केलेल्या कामाला असंच फळ येतं," तुम्ही म्हणालात.

तेव्हा माझा तोल गेला. अकरा मुलींसमोर, तुमच्या क्लासमध्ये, तुमच्या टेबलावर हात आपटून मी बोलले, आणि त्यातला एकही शब्द मी आजही मागे घेत नाही. "तुमच्या कपाटात काय आहे सर? वीस वर्षांचे कार्बन आहेत ना? लोकांचे अर्ज हरवतील म्हणून तुम्ही कॉपी ठेवता, तेव्हा अपशकुन नाही होत? लोकांचं हरवू शकतं, तुमचं नाही, असंच ना? मी केलं तर चोरी आणि तुम्ही केलं तर सवय?"

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात. मग म्हणालात, "बोलून झालं असेल तर ह्याचं काय करता येतं ते बघ."

डोंबिवलीच्या आमच्या बाईंनी एकदा चहा सांडलेली फ्लॉपी धुऊन वाचवलेली मी पाहिली होती. तेवढ्या आठवणीवर मी सुरुवात केली. खालच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्याकडून बॅटरीत घालायचं स्वच्छ पाणी आणलं. फ्लॉपीचं प्लास्टिकचं घर सुरीने उकललं, आतली पातळ काळी चकती चिमटीत धरून त्या पाण्यात हलवली. पाणी पिवळं झालं. काकूंनी दूध गाळायचं जुनं मलमल फाडून दिलं. पाच चकत्या त्या मलमलीवर सुकत ठेवल्या आणि पंखा बंद केला, धूळ नको म्हणून. अकरा मुली आणि तुम्ही घामाने निथळत बसलात. मग त्या कोऱ्या फ्लॉप्यांच्या घरांत बसवल्या, कडेला डिंकाचा एकेक थेंब. पहिली चालली. दुसरी, तिसरी चालली. चौथी मध्येच अडकली. मशीन म्हणे, वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करू? मी सात वेळा 'हो' म्हटलं. माझे वडील, स्थळ, ती मोरी, सगळं त्या चौथ्या फ्लॉपीत अडकलं होतं, आणि आठव्यांदा ती पुढे सरकली. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला अठ्ठाविसावी बाहेर आली आणि पडदा उजळला. काकू रडल्या. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा टेबलावर कोऱ्या फ्लॉप्यांची तीन खोकी होती आणि शेजारी अठ्ठावीस चिठ्ठ्या, तुमच्या हाताने टाइप केलेल्या, प्रत्येकीवर क्रमांकाखाली 'दुसरी प्रत'. 'तुझं बरोबर होतं' एवढं मात्र तुम्ही शेवटपर्यंत म्हणाला नाहीत. ठाण्याच्या दवाखान्यात मी सलग आठवडाभर येत होते, तेव्हासुद्धा नाही. त्याऐवजी नर्सला तो किस्सा सांगितलात. "ही संगणक शिकवते आणि फ्लॉपीला कुंकू लावते." नर्स हसली, तुम्ही हसलात, आणि मी तुमची उशी नीट केली. भिवंडीचं स्थळ वडिलांनी परत पाठवलं, बॅच चालली, पुढे क्लास मी घेतला आणि पुढे गाळा. हे सगळं त्या अठ्ठावीस फ्लॉप्यांवर उभं आहे, आणि त्या मी तुमच्या मर्जीविरुद्ध काढल्या. माझं बरोबर होतं सर. तुम्ही म्हणाला नाहीत, म्हणून मी म्हणते.

आता खरं तर इथे सही करून थांबायला हवं. कुंकू काकूंनी लावलं, मी त्यांना वाचवलं, आणि तुम्ही आयुष्यभर चुकीच्या माणसाला हसलात, एवढं सिद्ध झालं की काम झालं. लिहायला बसले तेव्हा एवढंच लिहायचं होतं. हे पत्र तुमच्या मुलीकडे डोंबिवलीला द्यायचं असंही ठरवलेलं, म्हणजे निदान घरात तरी खरं काय ते कळेल. पण ते मी देणार नाही. कारण खंडेनवमीचं जे वर लिहिलंय त्यातलं एक वाक्य मी गाळलंय, आणि इतकी वर्षं काकूंनीही ते कोणाला सांगितलं नाही. डबा उघडण्याआधी त्या बाहेर आल्या होत्या. मी लॅपटॉपपाशी बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "तुझ्या फ्लॉप्यांना पण लावू का गं? चालेल ना त्यांना?" मला माहीत होतं, चालणार नाही. पण अक्षय्य तृतीयेपासून तुमचं ते सुतकाचं बोलणं माझ्या पोटात बसलेलं. मशीनला काही झालं तर माझ्या तोंडामुळेच झालं असं होईल, ह्या भीतीने मी रोज सकाळी ते सुरू होईपर्यंत श्वास रोखून धरायची. मी म्हणाले, "लावा काकू. सगळ्यांना लावा."