छातीतली खोटी हजेरी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? जिना चढतेस की अजून खालच्याच खोलीत निजतेस? भावोजींचा खोकला थांबला असेल, अशी आशा आहे (नसेल तर त्यांना माझ्या डॉक्टरांकडे मुळीच पाठवू नकोस, खोकला राहील बाजूला आणि माणसाच्या तत्त्वांवर उपचार सुरू होतील). मी ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण संतापलो आहे, आणि संतापायला ताकद लागते, यावरून काय ते समज.

तुला ठाऊकच आहे, माझं हृदय थकलं म्हणून गेल्या वर्षी खांद्याखाली, छातीत, काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. त्याच्या तारा हृदयाच्या दोन्ही बाजूंना जातात. डाव्या-उजव्यांना एकाच वेळी कामाला लावायचं, एवढंच त्याचं काम (मला जे चाळीस वर्षं सभा घेऊन जमलं नाही, ते हे दोन-तीन तारांच्या जोरावर करणार होतं!). पंधरा दिवसांपूर्वी त्याची तपासणी होती. यंत्र तपासणाऱ्या बाईंनी छातीवर चकती ठेवली आणि पडद्यावर आकडा उमटला : ब्याण्णव टक्के, म्हणजे शंभरातले ब्याण्णव ठोके यंत्राचे. मी खूश झालो. बाई झाल्या नाहीत. "काका, हा आकडा फसवा असतो कधीकधी," म्हणाल्या. मग चोवीस तास अंगाला वायरी चिकटवून हिंडलो, तेव्हा कळलं की यंत्राचे खरे ठोके सत्तरच टक्के. उरलेल्या वेळी हृदय स्वतःच आधी ठोका मारून मोकळं होतं. त्यातही कित्येकदा यंत्र मागून येऊन हजेरीपटावर नुसती सही ठोकतं, म्हणून ते ब्याण्णव. ताई, कारखान्यात अशी सही करणाऱ्याला मी भर सभेत उभं करून जाब विचारला होता. आणि तोच प्रकार माझ्या छातीत, माझ्याच रक्तावर!

डॉक्टरांचं म्हणणं असं : हृदयाचे वरचे कप्पे धड ठोके देत नाहीत, नुसते थरथरतात आणि मनाला येईल तसे खाली हुकूम सोडतात. मध्ये एक गाठ आहे (रोगाची नव्हे, सगळ्यांनाच असते), तिच्यातून ते हुकूम खाली पोचतात. त्या गर्दीत यंत्राला कामच मिळत नाही. गोळ्यांनी गाठ आवरून पाहिली, ती आवरत नाही. तेव्हा मांडीच्या शिरेतून तार वर न्यायची आणि गाठ जाळून टाकायची. मग वरच्यांनी कितीही थरथराट केला तरी खाली यंत्राचंच राज्य. "आणि यंत्र बंद पडलं तर?" मी विचारलं. गृहस्थ खोटं बोलले नाहीत. "सहसा पडत नाही, म्हणून तर तपासत राहतो. पण त्यानंतर तुम्ही सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून. परत फिरता येत नाही."

परत फिरता येत नाही! मी उघड्या छातीने, वायरींसकट, तपासणीच्या पलंगावर उठून बसलो आणि बोललो. गोंधळ घालतात म्हणून लोकांचं तोंड कायमचं बंद करायचं, हा जुलमाचा सर्वांत जुना युक्तिवाद आहे, असं सुरू करून मी थेट माणसाच्या स्वातंत्र्यापर्यंत पोचलो. दारात दोन पेशंट येऊन उभे राहिले (श्रोते कमी, पण दर्दी). डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बोललात छान. आता पडद्याकडे बघा." भाषणाच्या ओघात यंत्राचा वाटा चाळीस टक्क्यांवर आला होता. त्यांना उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि वाक्याच्या मध्येच श्वास संपला. ताई, मी वाक्य अर्धं सोडलं. मी! तुझी भावजय शेजारून म्हणाली, "टाळ्या नंतर, आधी पाणी प्या."

संमतीचा कागद मी घरी आणला, अभ्यासासाठी. तीन जाडजूड पुस्तकं वाचली. तिन्ही डॉक्टरांच्या बाजूची निघाली. पुस्तकांनी मला जन्मात असा दगा दिला नव्हता. तरीही प्रश्न तत्त्वाचा आहे, माझा नकार ठाम आहे आणि तो तुझ्या कानावर असावा, म्हणून हे लिहिलं. भावोजींना नमस्कार.

तुझा, कोणाचंही न ऐकणारा,
धाकटा

ता. क. कागदावर काल सही केली. बुधवारी सकाळी आत नेणार आहेत.

ता. क. दुसरा. गुडघ्यांचं मला माहीत आहे, तरी सोमवारपर्यंत ये. तुझी भावजय आहेच, पण तिच्यासमोर मला धीट राहावं लागतं. तुझ्यासमोर कधीच राहावं लागलं नाही. मी बोलावलंय, हे तिला कळू देऊ नकोस.

वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं, म्हणून वाचलं. तुमचं तिकीट मी परवाच काढलंय, रविवारचं. खिडकीजवळची जागा आहे, पाय लांब करता येतील. यांना काही बोलू नका. मलाही यांच्यासमोर धीट राहावं लागतंय.
— तुमची भावजय