प्रस्तावनेत नसलेलं नाव

बडोदे, मंगळवार, संध्याकाळ

खंडेराव मार्केटात मेथी घेताना मागून हाक आली, "सर, केम छो?" वैशाली! माझी जुनी विद्यार्थिनी, आता करजणला वकिली करते. म्हणाली, "तुमचा वकिलांसाठीचा लॅटिन शब्दकोश अजून माझ्या टेबलावर असतो. ज्युनिअर्सना सांगते, आमच्या सरांनी रचलाय." टोमणा नव्हता. तेच जास्त लागलं.

कोशाची निम्मी शब्दकार्डं शिकत असताना तिनं लिहिलेली. घरी आल्याआल्या कोशात 'इनीक्वुस' हा शब्द काढून पाहिला. मी 'अन्यायी' एवढंच लिहून मोकळा झालो होतो. तिनं खाली जोडलं: उंचसखल जमीन, लढायला गैरसोयीची जागा, आकस धरणारा माणूस. तेव्हा मी वैतागलो होतो, वकिलांना जमिनीचा चढउतार कशाला? पण छापलं सगळं तसंच, माझ्या नावावर.

प्रस्तावनेत सगळ्यांचे आभार आहेत. बाइंडिंगवाल्याचेसुद्धा. आज तिला म्हणणारच होतो, "तुझं नाव घालायचं राहून गेलं गं." तेवढ्यात मेथीवाल्यानं सुट्टे मागितले, आणि ती निघाली.

बरं झालं. निदान आणखी एक खोटं टळलं. मेथी तशीच पडली आहे, निवडायला बसवत नाही. नाव राहून गेलं नव्हतं. प्रुफात होतं. मीच खोडलं.