मोटारसायकल सुरक्षित आहे, हे कळविण्यास

प्रिय धाकटे मेहुणे यांस,

थोरल्या भाऊजींचे आशीर्वाद पोहोचावेत. तुमचा उजवा गुडघा आता जिना चढू देतो की नाही, दुकानातील किल्ल्या कापण्याचे यंत्र दुरुस्त झाले की अजून हातानेच कानस चालविता, व घरातील मंडळी खुशाल आहेत ना, हे सवडीने कळवावे. गुडघ्याविषयी सविस्तर लिहावे. माझी प्रकृती उत्तम आहे. (डाव्या डोळ्याने थोडे धूसर दिसते, परंतु उजवा डोळा दोघांचे काम करतो.) हे पत्र लिहिण्यास विशेष कारण नाही, हे आरंभीच नमूद करतो. तुमची ताई गेल्याला परवा सात महिने झाले. त्यानंतर तुमची दोन पत्रे आली व मी एकाचेही उत्तर दिले नाही. उत्तर न देणे हा माझा स्वभाव नव्हे. लिहिण्यासारखे काही घडत नव्हते. दुसऱ्या पत्रात तुम्ही शेवटी विचारले होते, की भाऊजी, गाडी कशी आहे. त्या प्रश्नाचे उत्तर देणे मला शक्य आहे, म्हणून देतो.

मोटारसायकल सुरक्षित आहे. हे वाक्य मी सहज लिहीत नाही. गेल्या वर्षी आमच्या गल्लीतून एका आठवड्यात दोन मोटारसायकली गेल्या. पहिली कोपऱ्यावरील बेकरीवाल्याची, भर दुपारी, तो आत भट्टीपाशी असताना. दुसरी समोरच्या शिवणवर्गाच्या बाईंच्या यजमानांची, आणि ती तर कुलूप लावलेली होती. (हँडलचे कुलूप. हँडलचे कुलूप म्हणजे चोराला केलेली विनंती असते.) आमच्या घराला कुंपण नाही. दारापुढे पाच फुटांचा व्हरांडा, त्याच्या पत्र्याला आधार म्हणून एक लोखंडी खांब, आणि खांबापलीकडे थेट रस्ता. ज्या माणसाने चौतीस वर्षे कारखान्याच्या फाटकावर उभे राहून एक खिळासुद्धा चिठ्ठीवाचून बाहेर जाऊ दिला नाही, त्याचीच गाडी उघड्यावर उभी असावी, याचे मला किती दुःख होत असे ते तुमच्या ताईला ठाऊक होते, कारण मी ते तिला रोज सांगत असे. म्हणून मी क्रमाक्रमाने उपाय योजले. प्रथम मागील चाकावरून फरशीपर्यंत खडूची एक रेघ ओढली. चाक हलले की रेघ मोडणार. नंतर गाडी उभी केल्यावर तिचा प्लग काढून खिशात ठेवू लागलो. (एकदा दवाखान्यात चष्म्याची डबी समजून तो मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उचलून उजेडात पाहिला व विचारले, "हे कुठून निघालं?") त्यानंतर पेट्रोलच्या टाकीपासून खिडकीपर्यंत दोरी बांधली व दोरीच्या टोकाला पितळी घंटा. घंटा पहिल्याच दिवशी अकरा वेळा वाजली. नऊ वेळा मांजर, एकदा वारा, एकदा मी.

कारखान्यात होती तशी नोंदवहीही मी घरी ठेवली. वाहन निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, सोबत कोण, जाण्याचे कारण. सोबतच्या रकान्यात बहुधा तुमची ताईच असे, व कारण तिने स्वहस्ते लिहून सही करावी असा नियम होता. आरंभी ती 'भाजी', 'औषध' असे लिहीत असे. एकदा तिने 'कंटाळा' असे लिहिले. मी हरकत घेतली, की कंटाळा हे कारण नव्हे. ती म्हणाली, "मग तुम्ही शोधत बसा कारण, तोवर मी मागे बसते." ती नोंद तशीच ठेवावी लागली. वीजमीटरचा प्रसंग तिने तुम्हांस सांगितलाच असेल, परंतु ती तो चुकीचा सांगते, म्हणून लिहितो. (सांगत असे.) आमचा मीटर मोटारसायकलीच्या मागील भिंतीवर आहे. एके सकाळी एक अनोळखी इसम गाडीच्या आडून वाकून, हातात बॅटरी घेऊन काही करताना दिसला. मी कारखान्याची शिटी वाजविली (निवृत्त होताना ती माझ्याकडून कोणी परत मागितली नाही) व त्याचे मनगट धरले. तो म्हणाला, "आजोबा, मीटर बघतोय हो." मी ओळखपत्र मागितले. तो म्हणाला, "खिशात आहे, पण तो हात तुम्ही धरलाय." तोवर गल्ली जमली. शेजारचे निवृत्त कंपाउंडर, ज्यांना स्वतःचे वाहन नाही व त्यामुळे दुसऱ्याच्या वाहनावर बोलण्यास भरपूर वेळ आहे, ते गॅलरीतून म्हणाले, "सोडा हो त्याला, नाहीतर वीज तोडून जाईल आणि मग चोर अंधारात येईल." लोक हसले. तुमची ताईसुद्धा हसली, हे मी त्या वेळी पाहिले नाही असे दाखविले.

त्याच दुपारी ती मला न सांगता तुमच्या दुकानी आली व ती साखळी घेऊन परतली. साखळीविषयी माझी काही तक्रार नाही. माल उत्कृष्ट आहे. किल्लीचे कुलूप तिने मुद्दाम घेतले नाही, कारण किल्लीही मी प्लगसारखी कोठेतरी ठेवून देईन असे तिचे मत होते. हे आकड्यांचे कुलूप: चार चकत्या, चार आकडे, जुळले तरच उघडते. आकडा तिने स्वतः लावला. साखळी पुढील चाकातून नेऊन खांबाला गुंडाळली व मला विचारले, "आकडा सांगू का?" मी म्हणालो, "मला कशाला? तू आहेस ना." (यात आळस नव्हता. कारखान्याचा नियमच होता, की कुलूप एकाच्या हाती, फाटक दुसऱ्याच्या. दोघांस दोन्ही ठाऊक झाले की चोरीस वाट होते.) ती म्हणाली, "आणि मी नसले तर?" मी म्हणालो, "तर चोराला विचारीन." त्यावर ती म्हणाली, "विचारा, त्याला लगेच सापडेल. तुम्हालाही कुठे लांब जावं लागणार नाही." हे वाक्य मला नोंद करण्याजोगे वाटले नाही. त्यानंतर रोज ती साखळी उघडीत असे व मी नियमानुसार पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड करून उभा राहत असे. गाडीवर बसण्यापूर्वी ती ओल्या फडक्याने गाडी पुसत असे, पुढची पाटी दोन वेळा. तिला स्वच्छतेचे वेड होते.

आता तुमच्या भाच्याविषयी. मागील आठवड्यात चिरंजीवांचा फोन आला. कंपाउंडरांनी त्यास कळविले, की गाडी जागची हललेली नाही. मी म्हणालो, हे असत्य आहे. तो म्हणाला, "मग चालवता?" मी म्हणालो, "रोज." तो म्हणाला, "बरं. मी महिनाअखेरीला येतोय. मला बसस्टॉपवर घ्यायला या, गाडीवर. आलात तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आलात तर गाडी विकायची आणि तुम्ही आमच्याकडे चला. तिसरा मजला आहे, पण लिफ्ट आहे, बाबा." मुलगा चांगला आहे. सूनबाईही चांगल्या आहेत. त्यांनी माझ्यासाठी खिडकीपाशी पलंग मांडून ठेवला आहे असे कळते. परंतु तिसऱ्या मजल्यावर मी कशावर पहारा ठेवणार, हे त्या दोघांना सुचलेले नाही. महिनाअखेरीस नऊ दिवस उरले आहेत. दरम्यान मी दररोज सकाळी हेल्मेट घालून बाजारात जातो. पायी जातो. डॉक्टरांनी चालण्यास सांगितले आहे व हेल्मेटविषयी त्यांनी काही मनाई केलेली नाही. काल कंपाउंडरांनी भाजीवालीच्या गाड्यापाशी मला गाठून विचारले, "काका, गाडी कुठाय?" मी म्हणालो, "घरी." "मग हेल्मेट?" मी म्हणालो, "डोके माझ्याबरोबर आहे." भाजीवालीने मला दोन मिरच्या जास्त घातल्या, आणि ज्या नजरेने घातल्या ती मला आवडली नाही.

बाकी दिवस ठीक जातो. सकाळी खडूची रेघ तपासतो. ती मोडलेली नसते. घंटेची दोरी ताणून पाहतो. मग खिडकीतील खुर्चीवर बसून दिवे लागेपर्यंत लक्ष ठेवतो. सात महिन्यांत चोर आला नाही. कोणीच आले नाही. घरातून नेण्यासारखेही आता फारसे उरलेले नाही, तरी लक्ष ठेवणे ही सवय आहे व सवय मोडून चालत नाही. तुम्ही माझी काळजी करू नये. मोठ्यांस नमस्कार व लहानांस आशीर्वाद सांगावेत, आणि गुडघ्यास ऊब द्यावी.

तुमचे,
थोरले भाऊजी

ता. क. पाकीट चिकटविले होते, ते उघडून लिहितो. तुमच्या ताईने साखळी घेताना आकड्याविषयी तुमच्याशी काही बोलणे केले होते काय, हे सहज आठवून पाहावे. मला आकडा ठाऊक नाही. रुग्णालयात तिने विचारले होते, "आकडा सांगू का?" मी म्हणालो, घरी आल्यावर सांग. हे मी आजवर कोणास सांगितले नाही. फाटकावर चौतीस वर्षे काढलेल्या माणसाने स्वतःच्याच गाडीबाहेर अडकून पडावे, हे किल्ल्या बनविणाऱ्या मेहुण्यास लिहिणे किती कठीण आहे, ते तुम्ही जाणाल. पिठाचे, साखरेचे, बटणांचे सर्व डबे पाहिले, कारण 'लांब जावं लागणार नाही' असे ती म्हणाली होती. लग्नाची तारीख लावून पाहिली, मुलाची लावून पाहिली. फोन आल्यापासून मी शून्यापासून क्रमाने आकडे लावीत आहे. दीडशे सकाळी, दीडशे चहानंतर, प्रत्येकाची नोंद वहीत. आजवर दोन हजार चारशे झाले. मी चौथी उत्तीर्ण आहे, आणि हिशेब मला येतो: उरलेल्या सात हजार सहाशेंना याच गतीने पंचवीसहून अधिक दिवस लागतील, व माझ्याकडे नऊ आहेत. तेव्हा साखळी कापण्याचे हत्यार घेऊन येऊ शकाल काय? कापावी असे मला वाटत नाही. ती तिने लावलेली आहे. परंतु यावे.

ता. क. दुसरा, दुसऱ्या दिवशी. हत्यार आणू नये. पत्र टाकण्यापूर्वी वाटले, की गाडी विकलीच जाणार असेल तर घाणेरड्या अवस्थेत जाऊ नये. म्हणून तिचे फडके भिजवून घेतले. टाकी पुसली, दिवा पुसला, पुढची पाटी पुसू लागलो. सात महिन्यांची धूळ होती. पाटीवरचे शेवटचे चार आकडे एकेक करून फडक्याखालून वर आले. हा क्रमांक मला पाठ आहे. नोंदवहीच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर तो मीच लिहिला आहे. साखळी उघडली. चोराच्या, कंपाउंडरांच्या, मीटरवाल्याच्या, सबंध गल्लीच्या डोळ्यांपुढे तो आकडा वर्षभर होता. दिसला नाही तो फक्त पहारेकऱ्यास. पाटी दोन वेळा पुसताना ती माझ्या पाठीकडे पाहून मनात हसत असली पाहिजे. चाकांत हवा भरून घेतली. चौदाव्या किकला इंजिन लागले. कोपऱ्यापर्यंत गेलो, वळणावर सवयीने म्हणालो, "नीट धर," आणि परत फिरलो. वहीत नोंद केली. सोबतचा रकाना कोरा ठेवला. कारण काय लिहावे हे बराच वेळ सुचले नाही. शेवटी तिचेच लिहिले. साखळी पुन्हा त्याच आकड्यावर लावली आहे. आकडा बदलण्याचा सल्ला तुम्ही व्यवसायाने द्याल, तो देऊ नये.

ता. क. तिसरा. चिरंजीव येण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मात्र यावेच. मागे वजन नसले की गाडी मला हलकी लागते व वळणावर ती माझ्या हाती राहत नाही. एवढे चिरंजीवांस कळता कामा नये. बसस्टॉपवर जाताना तुम्ही मागे बसावे. परतताना तेथे चिरंजीव बसतील, व तुम्हांस पायी यावे लागेल. अंतर अर्धा मैल आहे. गुडघ्याचे आरंभी विचारले ते याकरिता. आणि मागे बसून गप्प राहू नये. काहीही बोलावे. तुमची ताई सबंध वाट बोलत असे, त्यावरून ती मागे आहे हे मला कळत असे.