टीव्हीची गार पाठ

प्रिय ठमे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील आणि मग हसशील. दर रविवारी फोनवर तासभर बडबड होते आणि दादाला आज पत्र लिहायची हुक्की कुठून आली, म्हणशील. फोन मी दोनदा लावला होता. एकदा मागे भावोजींचा खोकला ऐकू आला, एकदा तूच हसत होतीस, आणि दोन्ही वेळा मी भलतंच काहीतरी विचारून ठेवून दिला. तुझी एक जुनी खोड आहे. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तू त्याला माफ करून मोकळी होतेस. कागदावर तुला तसं करता येणार नाही, म्हणून कागद घेतला.

दुकान बरं चाललंय. जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करणारा या भागात मी एकटाच उरलोय. गिऱ्हाईक सगळं चाळिशीच्या पुढचं. पोट सुटलेले बाप्ये माळ्यावरचा धुळकट डबा छातीशी धरून आणतात, काउंटरवर ठेवतात आणि डोळे पुसतात. बालपण हा शब्द मी इतक्यांदा ऐकलाय की तो उच्चारणाऱ्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. मागच्या महिन्यात एक बँकवाला आला. गेमची कॅसेट हातात घेतली आणि तोंडाशी नेऊन फू केलं. सगळेच करतात. मी म्हटलं, बाबा रे, फुंकून काही होत नसतं, उलट तोंडाच्या वाफेने आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात. काढून परत बसवली की कॅसेट नीट टेकते, एवढंच. तो हसला आणि पुन्हा फुंकला. मी काउंटरवरून त्याची कॉलर धरली. खरंच धरली, ठमे. बटण तुटून स्क्रूच्या डबीत पडलं. मग हातापाया पडलो, चहा पाजला, काम फुकट करून दिलं. तो गेल्यावर कळलं की त्याची फुंकर तुझ्यासारखी होती, तीन आखूड आणि एक लांब. तू कॅसेट तशी फुंकायचीस आणि माझ्या पाठीवर वळ उठले की तिथेही तशीच फुंकायचीस.

आपल्या टीव्हीची पाठ तुला आठवत असेलच. तो मोठा डबा टीव्ही, मागे जाळी. भट्टीवर काम करून करून बाबांच्या तळहातांना निखारासुद्धा कळत नव्हता, पण टीव्ही कोमट आहे का हे त्यांना बरोबर कळायचं, कारण ते हाताची उलटी बाजू लावायचे. घरात शिरले की चपला काढायच्या आधी हात टीव्हीच्या पाठीला. ऊब लागली तर त्याच उलट्या हाताने पहिली बसायची. पुढच्या कधी पट्ट्याने, कधी पायाने, जसं हाताला येईल तसं. व्हिडिओ गेम मामाने आणलेला, आणि मामा बाबांच्या डोळ्यांत खुपायचा. त्यामुळे खेळ फक्त सुट्टीच्या दिवशी, तेही बाबांची लहर असेल तर. आपण रोज खेळायचो ती गोष्ट वेगळी.

काय बंदोबस्त होता आपला! साडेचारला खेळ बंद. चॅनेलचं बटण होतं त्या आकड्यावर परत. वायरी गुंडाळून गेमचा डबा पलंगाखाली. तू मोरीत जाऊन टॉवेल भिजवायचीस, दात-ओठ खाऊन पिळायचीस आणि टीव्हीच्या पाठीवर अंथरायचीस. मी टेबलफॅन त्याच्याकडे वळवून खिडकीत उभा. आई सगळं बघायची, बोलायची नाही, फक्त पाच वाजले, बाबांची यायची वेळ झाली, की भांडं आपटायची. ओला टॉवेल, तोही वीज चालू असताना, टीव्हीच्या जाळीवर! आज कुणी असं करताना दिसलं तर मी त्याला फाडून खाईन. पण आपण मेलो नाही आणि दीड वर्ष पकडलेही गेलो नाही.

तो दोन भावांचा खेळ आठवतो? निळ्या आणि तांबड्या. गल्लीगल्लीतून गुंडांना बडवत पुढे जायचं. तू कायम तांबड्या. उडी मारायची झाली की अख्खी तूच हातातल्या गेमच्या वायरवाल्या रिमोटसकट उडायचीस, आणि ठोसा मारताना डोळे मिटायचीस. त्या खेळात चुकून जोडीदारालाही फटका लागायचा. माझा चुकून लागायचा नाही. आणि आणखी एक सोय होती. आपले तीन जीव संपले की दोन बटणं एकदम दाबून जोडीदाराचा एक जीव उसना घेता यायचा. जोडीदाराला विचारायचं काही कारण नव्हतं. तुझा तांबड्या शहाण्यासारखा कोपऱ्यात उभा राहून जीव राखायचा आणि मी ते एकेक करून खायचो. तू एवढंच म्हणायचीस, की दादा, एक तरी ठेव.

खेळाबाहेरही मी तुला मारायचो. यावर आपण कधी बोललो नाही. तू लोकांना आपल्या घरचं सांगतेस तेव्हा त्यात मारणारा एकच असतो. पण बाबांचा मार खाऊन मी बाहेर यायचो तेव्हा माझे हात शिवशिवत असायचे, आणि घरात माझ्याहून लहान तू एकटीच होतीस. वड्याचं तेल वांग्यावर. मी तुझा दंड पिरगाळायचो, पाठीत गुद्दे घालायचो, एकदा दार लोटून तुझी बोटं चेमटवली. मला बरं वाटायचं, ठमे. खोटं कशाला लिहू? पाच मिनिटं फार बरं वाटायचं.

आता त्या दिवसाकडे येतो. मी तेरा वर्षांचा, तू नऊची. पहिल्यांदाच शेवटच्या गल्लीत पोचलो होतो. खेळलेला डाव जपून ठेवायची सोय त्या कॅसेटमध्ये नव्हती, बंद केलं की पहिल्यापासून. साडेचार वाजले, तू म्हणालीस बंद कर. समोर शेवटचा राक्षस, त्याचे पाचसहा ठोसेच उरलेले. मी तुझा शेवटचा जीव घेतला. तांबड्या पडद्यावरून गेला. तू मुकाट्याने रिमोट खाली ठेवलास आणि टॉवेल भिजवायला मोरीत गेलीस. नळाचा आवाज येत होता. त्याच दिवशी भट्टी बिघडली म्हणून बाबा लवकर आले.

पुढचं तू जसं सांगतेस तसं मला तोंडपाठ आहे. बाबा मोरीत आले, काही न विचारता तुझ्यावर तुटून पडले, रिमोटची वायर हाताला गुंडाळून त्यांनी तो तुझ्या डाव्या कानावर हाणला, दोनदा. फरशीवर रक्त. आणि मग दादा धावत आला, व्हिडिओ गेमचा डबाच उचलून त्याने बाबांच्या डोक्यात घातला, आणि दादाने मला वाचवलं. बाबांना अकरा टाके पडले. त्यांनी भट्टीवर पाय घसरला म्हणून सांगितलं. आईने तुझ्या कानाचं जिन्यावरून पडली म्हणून सांगितलं. एका घरात एका दिवशी दोन माणसं पडली आणि कुणी काही विचारलं नाही. त्यानंतर बाबांनी जन्मात हात उचलला नाही, त्यामुळे तुझी गोष्ट आणखीच पक्की झाली. लग्नात तू ती सासरच्यांना सांगितलीस. माझ्या बायकोला, तुझ्या वहिनीला, सांगितलीस. दोन वर्षांपूर्वी ती वारली तेव्हा माझ्या लेकीला मांडीवर घेऊन तीच सांगितलीस, की घाबरू नकोस, तुझा बाबा असा आहे.

तू मोरीत होतीस, तुझी पाठ दाराकडे होती, म्हणून तुला एक गोष्ट दिसली नाही. बाबा न विचारता आत आले नव्हते. टीव्ही चालू, रिमोट माझ्या हातात, म्हणजे विचारायचंही काही नव्हतं. तरी त्यांनी एकदा विचारलं, की कुणाचा उद्योग हा. मी मोरीच्या दाराकडे बोट दाखवलं. तोंडाने काही बोललोसुद्धा नाही. नजर पडद्यावर, अंगठा बटणावर, आणि दुसऱ्या हाताचं बोट तुझ्याकडे. राक्षसाचे तीन ठोसे उरले होते. बाबांनी माझ्या हातातला रिमोट न घेता जमिनीवरचा तुझा घेतला, वायर हिसकून काढली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणाऱ्याला वाट दाखवायला मी.

आणि वाचवण्याचं म्हणशील तर तेही तसं नाही. आतून तुझा पहिला आवाज आला तेव्हा मी खेळत होतो. दुसरा आला तेव्हाही. पण बाबांनी वायर हिसकली तेव्हाच आपला गेमचा डबा हलला होता. कॅसेट आत सैल झाली असणार. दोनतीन क्षणांनी चित्र थरथरलं, राक्षस विरघळला आणि पडद्यावर मुंग्या आल्या. दीड वर्षाची मेहनत. मी उठलो, डबा उचलला आणि मोरीत गेलो. तू कोपऱ्यात होतीस, मी तुझ्याकडे बघितलंही नाही. मला फक्त बाबांचं डोकं दिसत होतं. खेळ मोडला म्हणून मी मारलं, ठमे. तुझ्यासाठी नाही. तुझा कान गेला त्याला तीस वर्षं झाली, आणि त्या तीस वर्षांत प्रत्येक संकटात तू पहिला फोन मला करत आलीस.

तो डबा माझ्याकडेच आहे. कोपऱ्याचा टवका उडालाय. आतलं सगळं मी दुरुस्त केलं. गिऱ्हाइकं मागतात, मी देत नाही. मागच्या वर्षी एका डबा टीव्हीबरोबर तो घरी आणून लेकीला लावून दिला. नियम केला, फक्त रविवारी. नियम का केला, विचारू नकोस. ती खेळते छान. उडी मारायची झाली की तुझ्यासारखीच उडते.

गेल्या मंगळवारी दुकानात वीज नव्हती म्हणून मी चार वाजता घरी आलो. चपला पायातच होत्या. माझा हात आपोआप टीव्हीच्या पाठीला गेला, उलटा. पाठ गार होती. खोलीपेक्षाही गार, आणि ओलसर. तिला हे कुणी शिकवलेलं नाही. तुला-मला तरी कुठे कुणी शिकवलं होतं. आडात तेच होतं, पोहऱ्यात तेच आलं. ती मोरीच्या दारात पिळलेला टॉवेल घेऊन उभी होती. मी विचारलं, तर तिने सरळ सांगितलं, की हो, मीच खेळले. माझ्यापेक्षा धीट आहे कार्टी. आणि मी त्याच उलट्या हाताने तिच्या तोंडात दिली. ती पलंगाच्या कडेवर आपटली. ओठ फाटला, माझ्या बोटालाही तिचा दात लागला. ही पहिली वेळ नव्हती, चौथी होती. पडल्या पडल्या तिने दोन्ही हातांनी कान झाकले, मग उठली आणि फरशीवरचं रक्त त्याच टॉवेलने पुसून घेतलं, मला आणखी राग येऊ नये म्हणून. दवाखान्यात नेलं. दोन टाके पडले. कान शाबूत आहे, मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. कशाने लागलं असं त्यांनी विचारलं तेव्हा माझी अकरा वर्षांची पोरच म्हणाली, जिन्यावरून पडले.

हे पत्र लिहितोय ते तिने घरी येताना रिक्षात जे विचारलं त्यासाठी. रागाने नाही, रडून नाही, गणित सोडवताना विचारावं तसं. आजोबा आत्याला मारत होते तेव्हा तिला वाचवायला तुम्ही होतात, मग मला वाचवायला कोण येणार? इथे येऊ शकेल असं माणूस एकच आहे. शनिवारच्या पहिल्या गाडीने ये आणि तिला घेऊन जा. कपड्यांची बॅग भरून ठेवलीय, शाळेतल्या बाई दाखला तयार ठेवतायत. मी महिन्याभरात रडत तुझ्या दारात येईन, शपथा घेईन, बदललो म्हणेन. दार उघडू नकोस, आणि मी वाक्य पुरं करायच्या आत माफ तर मुळीच करू नकोस. तिला आपली गोष्ट पुन्हा सांगशील तेव्हा त्यात माझं बोटही सांग. तुझे सगळे जीव मी न विचारता घेतले, ठमे. आज पहिल्यांदा विचारतोय, आणि तेही माझ्यासाठी नाही. येशील ना?

तुझाच,
बोट दाखवणारा दादा