गोष्टीतला ‘मी’

५ जानेवारी १९३६, रविवार
आजपासून कादंबरी. लोणावळ्याच्या मालधक्क्यावर पावत्या फाडायला माझा जन्म झालेला नाही. तंत्र ठरलं: प्रथमपुरुषी निवेदन. ‘मी’ म्हटलं की वाचक पकडलाच. संक्रांतीनंतर शेजारच्या औंढे गावी महिपतीआबांच्या रतनशी माझी सुपारी फुटायची आहे. त्याआधी त्यांना पहिलं प्रकरण वाचून दाखवतो. कसला जावई मिळतोय ते कळू दे.

१२ जानेवारी
वाचलं. इफेक्ट जबरदस्त! ‘मी माझ्या पहिल्या बायकोला घाटात लोटून दिलं,’ या वाक्याला सगळ्यांच्या हातातला चहा निवून गेला. आबांनी हळूच विचारलं, ही गोष्ट खरी का वो? मी म्हणालो, शब्द न् शब्द खरा. कला खोटी असूच शकत नाही. रतन उठून आत गेली. भावना अनावर झाल्या असाव्यात.

१६ जानेवारी
सुपारी लांबणीवर. मी दोन वर्षं भुसावळला होतो, तिथं काय केलं कुणाला ठाऊक, असं औंढ्यात बोलतात म्हणे. आई रडतेय. मालधक्क्यावरचा माझा जोडीदार बजरंग औंढ्याचाच. त्याने आबांचा निरोप आणला. "खंडोबाम्होरं बेलभंडारा उचला, गोष्ट खोटी हाय म्हना, लगीन लावतो."
खोटी! लेखकाने देवासमोर शपथेवर स्वतःची गोष्ट खोटी म्हणायची? त्यापेक्षा तंत्र बदलतो.

२ फेब्रुवारी
‘मी’ खोडून सगळीकडे ‘तो’ केलं. पुन्हा औंढ्याला वाचन. आबा म्हणाले, "आता दुसऱ्याच्या गळ्यात घालताय व्हय?" रतनची मावशी कस्तुराबाई म्हणाली, आदी निदान कबूल तरी करत हुता.
निष्कर्ष: श्रोते कच्चे.

९ फेब्रुवारी
कोंडी झालीय. ‘मी’ लिहिलं तर खुनी, ‘तो’ लिहिलं तर लबाड. ‘तू’ उरतो, पण तो थेट आबांवर आरोप होईल. आई नुसतं ताट ठेवून निघून जाते. तरी मनोबल उत्तम.

२३ फेब्रुवारी
सर्वज्ञ निवेदक वापरून पाहिला. त्याला सगळ्यांच्या घरातलं, मनातलं कळतं. बजरंगला वाचून दाखवलं, त्याने औंढ्यात सांगितलं. आता मी गेलो की तिथले लोक दारं लावून घेतात.

१ मार्च, दुपार
रतन मावशीबरोबर लोणावळ्याच्या बाजारात भेटली. मावशी बांगड्या भरत होती तेवढ्यात रतन मला म्हणाली, "एकदा खोटं म्हना की. मला ठावं हाय, तुमी मुंगी बी मारनार न्हाई."
फार लागलं. म्हणजे नायक तिला पटलाच नाही! खून अधिक ठसठशीत करावा लागेल.

२२ मार्च
ठरलं. बेलभंडारा उचलतो. फक्त पहिलं प्रकरण खोटं म्हणेन, दुसऱ्याबद्दल बोलणार नाही. आधी दुसरं संपवतो, मग जातो. आबा कुठे पळून जाताहेत?

१९ एप्रिल
दुसरं जवळजवळ संपलं. बजरंगने चार दिवसांची रजा मागितलीय. कारण सांगत नाही. आजकाल नजरेला नजर देत नाही.

३ मे
औंढ्याला रतनचं लग्न झालं. बजरंगशी.
तो गेला होता. (तृतीयपुरुषीच बरं पडतं.) मांडवातून उठून तो खंडोबापुढे गेला, बेलभंडारा उचलला आणि मोठ्याने म्हणाला, गोष्ट खोटी आहे, साफ खोटी. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मंग आदी का न्हाई बोललासा, बाबा?" मग त्याला पंगतीला बसवलं. रतन नवऱ्याबरोबर वाढत आली, जिलबी पुढे करून थांबली, आणखी देऊ का म्हणाली.
मी नको म्हणालो.