मागचं दार

जळगाव, मंगळवार, ता. १२ मार्च १९४०
काल सोमवार, दुपारी तीन. कचेरीचे टोले पडत होते, म्हणून वेळ पक्की. जुबेदा कळा सोसत इस्पितळाच्या मागच्या दाराशी टांग्यातून उतरली. दार नव्हतं. विटा, चुना ओला. पुढच्या ओसरीत पुरुषांची रांग. सासू तिकडून नेईना, तीही जाईना. टांगा माझ्या घरी वळवला. कुलूप. मी भडगावला, बहिणीकडे; आज परतल्यावर हे सगळं कळलं.
घरीच बाळंत होऊन आज पहाटे जुबेदा गेली. मुलगी जगली.

बुधवार, १३
जुबेदाच्या सासरी, मणियारांकडे जाऊन आले. सासू बाळाला बोळ्याने दूध पाजत होती. एवढंच म्हणाली, "बडी बाई, तुमनेच तो बोला था, पीछे से आना."
बोलले होतेच. गेल्या गुरुवारी, तिचं पोट तपासून. बावीस वर्षं मेट्रन होते, सगळ्यांना तेच सांगत आले. जु.ची आईही त्याच दाराने आली होती. जु.ला पहिल्यांदा हातात धरलं ते मीच.

गुरुवार, १४
इस्पितळातली आया सखूबाई आली. ओट्यावर बसून रडली. "शनवारले बठ्ठं दार बुजी टाकं, अक्का. आमले कोनी इचारं बी नही."
विचारणार कोण? मी निवृत्त झाले, माझ्या जागी बाई नेमलीच नाही. बायकांची बाजूही सुपरिंटेंडेंटांच्या हाताखाली. नर्स सुमती पंधरा वर्षं माझ्याजवळ तयार झाली, ती आता औषधाच्या कपाटाची किल्लीसुद्धा मागून घेते.

शनिवार, १६
सुप.ना भेटले. चहा मागवला माझ्यासाठी.
"दोन दारं म्हणजे दोन पहारेकरी, बाई. आणि पुढचं उघडं होतं की! ती आलीच नाही, त्याला आम्ही काय करणार?"
म्हटलं, "पुढचं तुम्हाला सोयीचं. बाळंतपणाला तुम्ही येणार होता का?"
ते हसले. "आता विश्रांती घ्या."
चहा तसाच ठेवून उठले. घरी जायचं सोडून मागे गेले. विटांवर हात ठेवून उभी. चुना आता वाळलाय. सुमती खिडकीतून बघत होती, खाली आली नाही. येऊ शकत नव्हती.

सोमवार, १८
इस्पितळाच्या कमिटीला पत्र. कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणत, आधी डोळे पुसा, मग टाक उचला. तरी तीन कागद फिसकटले. चौथा गेला. नक्कल:
"दार बुजवण्याचा हुकूम कोणी दिला? त्याआधी कोणत्या बाईला विचारलं? दार केव्हा उघडणार? मेट्रनच्या जागी सुमतीबाईंना केव्हा नेमणार? उत्तर शनिवार, ता. ३० मार्च, सायंकाळी पाचच्या आत, सहीनिशी, लेखी मिळावं. तोंडी निरोप नको. तोंडी मीही सांगितलं होतं, मागच्या दाराने ये."