सही करू नको, कांता

बेसा, ९ डिसेंबर २०२४

चि. सौ. कांतास,
धोंडबाचे अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

वावर बरं आहे, मीबी बरा. तिन्ही बाजूनं बिल्डिंगा झाल्या. चौथ्या माळ्यावरची बाई शेणाचा वास येते म्हणून बोंबलते, आन सकाळी हिरव्या सांभाराच्या, तिच्या भाषेत कोथिंबिरीच्या, जुडीसाठी गॅलरीतून दोरीची टोपली सोडते.

फोनवर बोललो तर रोहित कान लावून बसते, म्हणून पत्र. आपल्या या पोट्ट्यानं बिल्डर धरून आणला. वावर मोडून फ्लॅट बांधतीन आन नाव ठेवतीन म्हणे 'हिरवं शिवार'. लाज नाही लेकाच्याले! मी हौ म्हणून बसलो. काय करू वं, पोराचं तोंड पाहिलं का नाही म्हणवत नाही.

सातबाऱ्यावर तुझंबी नाव आहे. रविवारी ते हक्कसोडीचे कागद घेऊन तुझ्याकडे येतीन. सारे भाऊ बहिणीले सही मागतात. मी हात जोडतो, करू नको.

माया आहे तशीच राहू दे.
तुझा भाऊ
धोंडबा


प्रतापनगर, १६ डिसेंबर

ती. भाऊस,
शि. सा. न. वि. वि.

एवढ्या मिशा वाढवल्या आन पोराले भेतो! कापून टाक त्या.

काल रोहित आला, संग बिल्डरचा माणूस साडी घेऊन. साडी ठेवून घेतली, रंग चांगला होता. कागद वापस दिले. म्हटलं, मले माझा हिस्सा पाहिजे, मधोमधचा, विहिरीसकट. तो माणूस म्हणे, त्याच्याऐवजी फ्लॅट घ्या. मी विचारलं, त्यात मेथी होते का?

रोहित चहा न पिता उठला. म्हणे, आत्या हावरट निघाली. लहानपणी मीच त्याले न्हाऊ घातलं गा. लय लागलं मले. पण तुझं नाव घेतलं नाही.

जिवाले जप.
तुझी बदनाम बहीण
कांता


बेसा, २२ डिसेंबर

चि. सौ. कांतास,
अ. उ. आ.

आठवडाभर रोहित तुले शिव्या देऊन राहिला होता, आन मी मुंडी खाली घालून भाकर मोडत होतो. काल तो सुनेसमोर म्हणे, आत्याले या घराची पायरी चढू देणार नाही. मंग राहवलं नाही. उभा झालो. सांगितलं का तिले मीच नाही म्हणायले लावलं, वावर मले विकायचं नाही, आन ती या घरात येईन. आज मोटर सुरू करून वाफ्याले पाणी त्यानंच दिलं, माझ्याकडे न पाहता.

एवढ्यात खुश होऊ नको. मी बहात्तरचा. मी गेलो का कागद पुन्हा तुझ्याच दारी येतीन. तू चार वर्षांनं लहान आहे. गोड कमी खा, बीपीची गोळी चुकवू नको. तुले माझ्यामागं जगायचं आहे.

तुझ्याच भरवशावर,
धोंडबा